सोडा, वैनी

शुभदाचा पहिला बाण सहसा चुकत नसे. चुकायचा तो दुसरा, आणि तोही पहिल्याच्या पायी. पहिला सुटला की तो नेमका कुठे लागला हे डोळे भरून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कुवेतमध्ये खैतानच्या एका औषधांच्या दुकानात ती अठरा वर्षं फार्मासिस्ट होती. खोकं गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी त्यावरचं नाव दोनदा वाचायचं, ही सवय तिच्या अगदी अंगवळणी पडली होती. दुकानात या सवयीने दोन-चार जीव वाचलेही असतील. धनुष्य हातात असताना मात्र ती सवय आड आली की सगळा बट्ट्याबोळ व्हायचा.

कारण खेळच तसा होता. जुन्या पद्धतीचं लाकूड आणि शिंग यांचं धनुष्य, नेम धरायला ना भिंग ना काटा. अंगठ्यात घातलेल्या कडीने दोरी ओढायची, आणि ताट वाजलं की आठ सेकंदांत दोन बाण सोडायचे. पहिला पंचवीस पावलांवरच्या पेंढा भरलेल्या पोत्यात आणि दुसरा पस्तीस पावलांवरच्या पोत्यात. दुसरा बाण डाव्या हातात धनुष्याबरोबरच धरून ठेवायचा. पहिला सुटला की उजव्या हाताने त्याचं शेपूट चाचपायचं, तो फिरवून दोरीवर आणायचा, त्याच्या टोकाची खाच दोरीत बसवायची आणि ओढायचं. डोळे या सगळ्या वेळात पोत्यावर. आठ सेकंद ऐकायला पुष्कळ वाटतात, पण त्यातले दोन पहिल्या बाणाचं कौतुक करण्यात गेले आणि दोन खाली बघून खाच शोधण्यात, की उरलेल्या चारांत माणूस नुसता घाईने घामाघूम होतो.

मस्कतला मार्चमध्ये असल्या जुन्या धनुष्यांचा मेळावा होता आणि इथून तीन बायका जायच्या होत्या. दोघी ठरल्या होत्या. तिसरीची निवड या शुक्रवारी सकाळी व्हायची होती, आणि ती शुभदाची शेवटची संधी होती. याआधी दोनदा ती नापास झाली होती, दोन्ही वेळा बघण्याच्या खोडीमुळे.

तिला ती जागा हवी होती. स्वतःचीच लाज वाटावी इतकी हवी होती. कुवेतला ती आली देवेंद्रच्या, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर. नोकरी लागली ती त्याच्या मित्राच्या ओळखीने, घर घेतलं ते त्याच्या ऑफिसपासून जवळ म्हणून. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात धनुष्य ही एकच गोष्ट तिने कुणाला न विचारता उचलली होती. ती दुसऱ्या बाणावरून हातची जावी, हे तिला सहन होत नव्हतं.

सकाळी सात वाजता तिघं खैतानहून निघाली. गाडी चालवायला देवेंद्र, शेजारी शुभदा आणि मागच्या सीटवर हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन लवू मेस्त्री. लवू कुडाळच्या पलीकडल्या एका वाडीतला सुतार. बारा वर्षं फर्निचरच्या कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर होता, खैतानमध्येच एका खोलीत सहा जणांबरोबर राहायचा. दर शुक्रवारी तो समुद्रकाठच्या खैरानला, धनुष्य शिकवणाऱ्या ताहिराच्या मैदानावर लाकूडकाम करायला यायचा. पोती टांगायच्या चौकटी त्याच्या हातच्या, बाणांच्या काड्याही त्यानेच रंधून दिलेल्या.

"वैनीनु, रात्री झोप लागली मां?" त्याने मागून विचारलं.

"लागली," शुभदा म्हणाली.

"खोटं बोलतेय," देवेंद्र म्हणाला. "तीनदा उठून कडी शोधली. ती अंगठ्यातच होती."

बाण कसा मारायचा हे लवूला ठाऊक नव्हतं. तरी शुभदाची खोड सुधारली होती ती त्यानेच, हे ताहिरादेखील मान्य करायची. आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. लवू चौकट ठोकत होता, शुभदा पलीकडे दुसरा बाण लावताना पुन्हापुन्हा मान खाली घालत होती. शेवटी त्याच्याने राहवलं नाही. तो जवळ येऊन म्हणाला, "रागावू नकात. तुमी खिळो बघान ठोकतास."

मग त्याने करून दाखवलं. डाव्या मुठीत पाच खिळे धरले, तोंड तिच्याकडे केलं आणि तिच्या मुलीची चौकशी करता करता फळीवर पाच खिळे ओळीने ठोकले. एकही वाकडा नाही. प्रत्येक खिळा मुठीतून घरंगळत आपोआप चिमटीत यायचा. "हाताक ठावक आसता," तो म्हणाला. "डोळ्यांनी फळी बघूची. खिळो हातान बघूचो."

पुढच्या शुक्रवारी त्याने तिच्या सगळ्या बाणांना खाचेच्या खाली दोऱ्याचे चार वेढे देऊन बारीक गाठ मारून आणली. गाठ बोटाला लागली की खाच कुठल्या दिशेला आहे ते आपसूक कळायचं. तेव्हापासून आठवड्यात तीनदा शुभदा घरी, बाल्कनीत, पडद्याकडे तोंड करून धनुष्यावर नुसता बाण लावायची. सुटका नाही, फक्त लावणं. शंभरदा. दीडशेदा. समोरच्या इमारतीतली एक म्हातारी ते दर वेळी बघायची आणि मान हलवायची.

मैदानावर लवूने आणखी एक काम अंगावर घेतलं. शुभदाचा पहिला बाण सुटला रे सुटला की बाजूच्या दोरीपाशी उभा राहून तो खड्या आवाजात ओरडायचा, "सोडा, वैनी!" त्या एका शब्दात त्याची दोन्ही सांगणी असत. गेलेल्या बाणाचा नाद सोडा, आणि हातातला बाण सोडा. ताहिराची हरकत नव्हती. तिचं म्हणणं, घोड्यावरून बाण मारणाऱ्यांच्या कानात हजार माणसं ओरडतात, इथे एक सुतार ओरडला तर काय बिघडलं.

"गंमत आहे," देवेंद्र म्हणायचा. "अठरा वर्षं मी घरात 'सोड ना आता' म्हणून घसा कोरडा करतोय. माझं कधी ऐकलं नाही, लवूचं ऐकते."

"लवूभाऊ मान देऊन सांगतात," शुभदा म्हणायची.

ते खरंच होतं. लवू तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. नावाने हाक मारा, अगं-तुगं करा, असं तिने त्याला कितीदा सांगितलं. "तां जमूचा नाय," असं म्हणून तो विषयच मिटवायचा. नेहमी वैनी, नेहमी सोडा, बसा, घ्या. कितीही घाई असो.

ताहिराचं मैदान म्हणजे तिच्या माहेरच्या शॅलेमागची, म्हणजे सुट्टीतल्या घरामागची, वाळूची मोकळी जागा. समुद्र पाठीशी, समोर वाळूचा उंच बांध. बाण चुकला तरी त्या बांधात जाऊन रुतायचा. बांध डाव्या हाताला भक्कम होता, उजवीकडे मात्र तो संपायचा आणि तिथे चौकटीवर जाड ताडपत्री टांगलेली होती. ताडपत्रीमागे उघडं माळरान, त्याच्या कडेने गाड्या लावायची जागा.

ताहिरा पन्नाशीची, उंच, कुवेती. हिंदी बोलायची ती दुकानांत आणि ड्रायव्हरांकडून शिकलेली, पण धडधडीत. तिने नियम पुन्हा सांगितला. "तीन बारी. दो बारी पास, तो मस्कत. देखना मना है, शुभदा."

पहिल्या फेरीला ताहिराने पितळी ताटावर वाढायचा डाव मारला. शुभदाने ओढलं, सोडलं, पहिला बाण पोत्यात धपकन शिरला. "सोडा, वैनी!" लवू ओरडला. तिचा हात बाणाच्या शेपटाकडे निघालाही होता. तेवढ्यात तिची नजर पोत्यावरून घसरली आणि बाजूला मोबाइल धरून उभ्या असलेल्या देवेंद्रवर गेली. त्याने अंगठा वर केला. तिने पुन्हा पोत्याकडे बघेपर्यंत गाठ सापडेना, खाच दोरीवर बसेना, आणि दुसरा बाण अजून अर्धाच ओढला होता तोवर ताट वाजलं.

एक फेरी गेली. आता दोन्ही राहिलेल्या जमायलाच हव्या होत्या.

शुभदा तरातरा नवऱ्याकडे गेली. "तू गाडीत जाऊन बस."

"अगं, मी नुसता व्हिडिओ..."

"तू असलास की मी तुझ्याकडे बघते. जा. झालं की मी बोलावते."

देवेंद्रने तोंड पाडलं. शाळेतून घरी पाठवलेल्या पोरासारखा मोबाइल खिशात कोंबून तो निघाला. तो वळणाआड जाईपर्यंत शुभदा कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

दुसरी फेरी तिने कशीबशी काढली. बघितलं नाही, पण दुसरा बाण लावताना खाच एकदा दोरीवरून निसटली. ती पुन्हा बसवून सोडला तो पोत्याच्या उजव्या कडेला जेमतेम अडकला आणि तेवढ्यात ताट वाजलं. ताहिराने जाऊन हाताने हलवून बघितला. "पास," ती म्हणाली. "लेकिन हमेशा राइट जाता है तेरा दूसरा."

एक फेरी राहिली होती, आठ सेकंदांची.

आणि तेव्हाच वारा उठला. खैरानचा फेब्रुवारीतला वारा, समुद्राकडून येताना गार आणि वाळू घेऊन फिरला की बोचरा. दुसरं पोतं बांधाच्या टोकाला होतं, तिथे वारा वळसा घालून वाळू उडवू लागला. दोन मिनिटांत ते पोतं धुळीत दिसेनासं झालं. ताहिराने हात डोळ्यांवर धरून बघितलं आणि लवूला हुकूम सोडला. पोतं उचल आणि उजवीकडे ताडपत्रीपुढे लाव, तिथे आडोसा आहे. पलीकडे कुणी जाऊ नये म्हणून तिने मैदानाच्या या बाजूने दोरी बांधून घेतली. मैदानावरच्या सगळ्यांनी ते बघितलं. गाडीत बसलेल्याने ते बघायचा प्रश्नच नव्हता.

देवेंद्र गाडीत दहा मिनिटं बसला. मग त्याला सुचलं, की बायकोला दिसायचं नाही एवढंच ना? ताडपत्रीमागून तिला कुठे दिसणार आहे? पोती तर बांधापुढे आहेत, पार डावीकडे. ताडपत्रीच्या एखाद्या भोकाला मोबाइल लावला की झालं. बायकोच्या जिंकण्याचा व्हिडिओ आपल्याकडे नसावा ही कल्पनाच त्याला पटेना. तो गाड्यांच्या बाजूने माळरानातून चालत आला आणि भोक शोधायला ताडपत्रीमागे वाकला. त्याच्या डोक्यासमोर, ताडपत्रीच्या अलीकडे दोन हातांवर, लवूने नुकतंच टांगलेलं पोतं होतं.

हे सगळं नंतर कळलं. त्या घडीला शुभदाला दिसत होती ती फक्त दोन पोती आणि त्यांवरची दोन लाल फडकी.

तिने पहिला बाण दोरीला लावला. दुसरा डाव्या हाताच्या बोटांत, धनुष्याच्या मुठीला चिकटून. श्वास सोडला. कानात वारा भरला होता.

ताट वाजलं.

पहिला सुटला. तो गेला आणि ती त्याच्यामागे गेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला तो कुठे लागला याचं काहीच वाटलं नाही. डोळे आधीच ताडपत्रीपुढच्या फडक्यावर होते आणि उजवा हात आपल्या वाटेने निघाला होता. बोटाला दोऱ्याची गाठ लागली. बाण फिरला. खाच दोरीवर कट् करून बसली. कडी दोरीत अडकली आणि दोरी मागे मागे हनुवटीपर्यंत आली, अगदी कुणी दुसऱ्याने ओढल्यासारखी हलकी. बाल्कनीतले सगळे शंभर आणि दीडशे त्या एका ओढीत एकवटले होते. लाल फडकं डोळ्यांपुढे स्थिर होतं. अजून निम्मे सेकंद शिल्लक होते. तिला फक्त लवूच्या हाकेची सवय होती आणि ती हाक आता यायची होती.

हाक आली.

"सोड गो! सोड! सोड!"

शब्द कानाआधी हाताला पोचला. अंगठा उघडायला लागलाच होता. कडीखालून दोरी केसभर सरकलीही. पण त्या शब्दाच्या शेपटाला काहीतरी भलतंच चिकटलं होतं, आणि ते तिच्या हातात खड्यासारखं अडकलं. गो? लवूभाऊ आपल्याला गो, म्हणजे अगं, म्हणाले? सोडा नाही, सोड? आठ महिन्यांत, पाठीवर लाकडाचा ओंडका घेऊन वाट मागताना सुद्धा ज्यांनी "सरा, वैनी" म्हटलं, ते?

काय झालं ते तिला कळलं नाही. काहीतरी झालं आहे एवढंच कळलं. तिने अंगठा आवळला. नखात कळ गेली. सुटायला निघालेली दोरी तिने दात ओठ खाऊन धरली, बाणाचं टोक पायाजवळच्या वाळूकडे वळवलं, आणि इंचाइंचाने दोरी परत जागेवर नेली.

ताट वाजलं. वेळ संपली होती.

तिला आधी राग आला. आयुष्यातली सगळ्यात चांगली ओढ, हातातोंडाशी आलेली, आणि या माणसाने नेमकं आत्ताच... ती वळली. लवू दोरीपाशी दोन्ही हात वर करून उभा होता. तोंडाचा आ तसाच, डोळे ताडपत्रीवर. वाऱ्याने ताडपत्रीची खालची कड उचलली गेली होती आणि तिच्याखाली पांढरे बूट दिसत होते. ते बूट शुभदाने स्वतः दिवाळीला घेऊन दिले होते.

मग ताडपत्रीच्या कडेने, बरोबर पोत्याच्या उंचीवर, देवेंद्रचं डोकं बाहेर आलं. "झालं का?" त्याने विचारलं.

ताहिरा ताट टाकून धावली. तिने देवेंद्रचं बखोट धरलं आणि त्याला ओढत मैदानाच्या मध्ये आणलं. अरबीत ती त्याला जे काही बोलली ते अरबी न येणाऱ्यालाही नीट समजलं. आधी देवेंद्र "लेकिन... लेकिन..." करत होता. मग त्याने वळून आपण कुठून आलो ते बघितलं, तिथे टांगलेलं पोतं बघितलं, बायकोच्या हातातला बाण बघितला आणि मटकन वाळूत बसला.

लवू त्याच्या आधीच बसला होता. दोन्ही हातांनी डोकं धरून. शुभदा त्याच्यापाशी गेली तेव्हा त्याचे दात वाजत होते.

"वैनी," तो म्हणाला, "मी काय म्हटलंय?"

तिने धनुष्य वाळूवर ठेवलं.

"थांबा म्हणूचा होता. तोंडातसून 'सोड' गेला." त्याने कपाळावर हात मारून घेतला. "माझी लेक अक्षरा तीन वर्षांची आसताना एकदा कोयतो उचलल्यान. उघडो कोयतो. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाक. तेवा मी असाच वरडलंय. सोड गो, सोड. हातातला टाक, असा. ताच तोंडात इला. हय बाण ओढलेल्या माणसाक मी सोड सांगतंय! तुमी ऐकला आसता तर?"

शुभदाला आता कुठे उमगलं. जे ऐकायची तिला आठ महिने सवय लावली होती तेच त्याने ओरडून सांगितलं होतं, आणि ते तिने न ऐकल्यामुळे तिचा नवरा जिवंत होता. एका अक्षराने वाचला होता तो. 'गो' आलं म्हणून.

ताहिरा तिथवर आली. "लवू, तुम क्या बोला इसको? मैंने आवाज सुना."

लवूने तोंड उघडलं, पण शुभदा आधी बोलली. "रुको बोला," ती म्हणाली. "हमारी भाषा में. रुको."

ताहिराने लवूच्या पाठीवर थाप मारली. "शाबाश."

लवूचं तोंड आणखीनच केविलवाणं झालं. त्याने शुभदाकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

देवेंद्र उठून आला. "शुभदा, मला वाटलं पोती तिकडे..."

"आत्ता बोलू नकोस." तिला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटत होती आणि त्याला छातीशी घट्ट धरून रडावंसंही वाटत होतं. तिने दोन्ही केलं नाही. त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला, बंद केला आणि वाळूत उपडा ठेवला. मग त्याचा हात लवूच्या हातात दिला. "लवूभाऊ, याला धरून ठेवा."

ताहिराने दुसरं पोतं पुन्हा बांधापुढे लावून घेतलं. धूळ उडाली तर उडू दे, म्हणाली. स्वतः ताडपत्रीमागे जाऊन बघून आली, गाड्यांकडे बघून आली, माणसं मोजली. "बारी कैन्सल. फिर से मारो," ती शुभदाला म्हणाली. "आज नहीं मारा तो तुम कभी नहीं मारेगी. मालूम है?"

शुभदाला मालूम होतं. म्हणूनच ती रेषेवर गेली.

"लवूभाऊ, हाक द्याल ना?"

"नाय, वैनी." त्याने देवेंद्रचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं होतं. "आज नाय. ता अक्षर माज्या तोंडात परत येवचा नाय."

ताट वाजलं.

पहिला बाण सुटला आणि बसला. तिने बघितलं नाही. हात गेला, गाठ लागली, बाण फिरला, खाच कट् करून बसली. दोरी हनुवटीपाशी आली. मघासारखीच, तितकीच हलकी. तीन सेकंद झाले असतील.

आणि अंगठा उघडेना.

ती लाल फडक्याकडे बघत होती. मागे वाळूचा बांध होता, हातभर जाड नव्हे, चांगला सात-आठ हात जाड. तिथे कुणी नव्हतं. ताहिरा बघून आली होती. देवेंद्र डावीकडे, लवूच्या हातात. हे सगळं तिला ठाऊक होतं आणि अंगठ्याला ते पटत नव्हतं. कडीखाली दोरी रुतत होती. धुळीचा लोट पोत्यावरून गेला आणि तिला वाटलं, त्याच्यात काहीतरी हललं. चार झाले. खांदा थरथरायला लागला. खाली घे, आतून कुणीतरी म्हणत होतं, पुन्हा बघ, एकदा बघून घे. पाच. देवेंद्रने तोंड उघडून मिटलं. ताहिराने डाव उचलून ताटावर धरला. वारासुद्धा पडल्यासारखा झाला. सगळं मैदान तिच्या एका अंगठ्याकडे बघत होतं आणि तो अंगठा तिचा राहिला नव्हता. सहा.

लवूने देवेंद्रचा हात सोडला. तो एका ढांगेत दोरीपाशी गेला. बांध आणि पोतं त्याने एका दमात, सुताराच्या नजरेने या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग तोंडाला हात लावून ओरडला नाही तो. लेकीला झोपाळ्यावरून उतरवताना बोलावं तितक्याच आवाजात म्हणाला,

"सोड गो, बाय. कोण नाय थय. सोड."

अंगठा उघडला.

धप्प. आणि लगेच मागोमाग ताट वाजलं.

शुभदाने धनुष्य खाली केलं. तिने पोत्याकडे बघितलं नाही. ती वळून लवूकडे बघत होती, आणि लवू शर्टाच्या बाहीने तोंड पुसत होता. त्याच्यामागे देवेंद्र कुणी धरलेलं नसतानाही जागचा हलला नव्हता.

बाण कुठे लागला ते तिला कळलं, ताहिरा "मस्कत!" म्हणून ओरडली तेव्हा.